‘नवी करून द्या’ म्हणू नका

नमस्कार. टेबलावर मांडलेल्या सात पर्सेसकडे तुमचं लक्ष सारखं जातंय हे मला इथून दिसतंय, आणि त्याचा मला आनंदच आहे. शेवटी सगळ्या हातात घ्यायला मिळतील. त्यातली डावीकडून तिसरी, ती चकचकीत चॉकलेटी, तिच्याबद्दल मात्र मला आधी सांगायचंय.

पत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या चामडी पर्सेस : संग्रह, पारख आणि दुरुस्ती’. संग्रहाबद्दल इथे बसलेल्यांना मी काय नवीन सांगणार? तुमच्यातल्या निम्म्यांच्या कपाटात माझ्यापेक्षा सरस वस्तू आहेत. माझं म्हणणं उरलेल्या दोन शब्दांबद्दल आहे. पारख आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं आहेत असं आपण धरून चालतो. पारखणारा एक माणूस, दुरुस्त करणारा दुसरा, आणि दोघांची गाठ पडायची गरज नाही. गेली काही वर्षं मला पटत चाललंय की ही वाटणीच चुकीची आहे. पर्स अस्सल असल्याचा जो पुरावा असतो, तो पर्सच्या अंगातच असतो : दोऱ्यात, कडेवर, पितळेत, आतल्या ठशात. आणि दुरुस्तीला गेलेली पर्स पहिल्यांदा नेमकं तेच गमावून बसते. म्हणून दुरुस्ती कुठवर करायची याचे काही नियम मी आज मांडणार आहे. त्याआधी मावशीची पर्स.

ती कोच या अमेरिकी कंपनीची आहे, न्यूयॉर्कमध्ये बनलेली, सत्तरच्या दशकातली. मावशीने ती ऐन तिशीत घेतली आणि सत्तरी उलटेपर्यंत वापरली. खांद्याला लावायचा पट्टा, पुढे झाकण, झाकणावर फिरवून बंद करायची पितळेची फिरकी. आत अस्तर नव्हतंच. हात घातला की चामड्याची आतली, मखमलीसारखी बाजू लागायची. आम्ही मुलं त्या पर्समध्ये हात घालायला निमित्त शोधायचो.

त्या फिरकीची गोष्ट सांगायलाच हवी. १९६२ मध्ये बॉनी कॅशिन ही डिझायनर कोचमध्ये आली. तिच्या मोटारीला उघडता येणारं कापडी छत होतं आणि ते घट्ट बसवायला अशाच फिरक्या होत्या. तिने त्या मोटारीवरून उचलल्या आणि पर्सवर आणल्या. एका हाताने उघडते, एका हाताने बंद होते. चामड्याची गोष्टही तितकीच लोभस. कंपनी ज्यांच्या हातात होती ते माइल्स कान बेसबॉलचे हातमोजे बघायचे. जितके वापरावेत तितके ते मऊ होतात, हाताचा आकार धरतात. तसं चामडं पर्सला का असू नये, असं त्यांच्या मनात आलं, आणि तशा पद्धतीने कमावलेलं जाड, मऊ चामडं कोचची ओळख झालं. म्हणजे ही पर्स वापरून जुनी व्हावी असाच तिच्या बनवणाऱ्यांचा हेतू होता. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

मावशी डावखुरी होती. झाकणाच्या डाव्या बाजूला, जिथे तिचा अंगठा पडायचा, तिथे चामडं काळसर आणि गुळगुळीत झालं होतं. पट्टा जिथे ती मुठीत धरायची तिथला वीतभर भाग बाकीच्या पट्ट्यापेक्षा दोन छटा गडद होता. आतल्या बाजूला कंपनीचा मजकूर ठशाने उमटवलेला होता आणि त्यात फक्त आकडे असलेला क्रमांक. पट्ट्याची शिवण एका टोकाला उसवली होती. किती? चार बोटं. तेवढंच बिघडलं होतं तिचं.

मावशी गेल्यावर पर्स मावसबहिणीकडे आली. घरात अशा वस्तूंचं वेड मला, म्हणून तिने ती माझ्याकडे दिली. मी एका कारागिराकडे नेली. माणूस सज्जन होता, हात चांगला होता, आरी आणि रापी धरण्याची पद्धत बघूनच कळत होतं. मी पर्स त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, ‘‘नवी करून द्या.’’

त्याने माझा शब्द तंतोतंत पाळला. वरचा थर पॉलिश पेपरने घासला, म्हणजे मावशीच्या अंगठ्याचा डाग गेला. त्यावर रंगाची फवारणी केली, म्हणजे केसांची छिद्रं बुजली. कडा रंगवल्या. उसवलेली चार बोटं शिवायला त्याने सगळा पट्टाच उसवून मशीनवर पुन्हा मारला, पॉलिएस्टरच्या चकाकत्या दोऱ्याने, जरा जवळजवळ टाके घेऊन. फिरकी काळी पडली होती, ती काढून मुलामा दिलेली नवी बसवली. आणि आतली खरखर वाईट दिसते म्हणून सॅटिनचं सुंदर अस्तर आतून चिकटवलं. ठशावरून.

मावसबहीण खूश झाली. मीही, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी खूशच होते.

पुढे तिच्या मुलीला ती पर्स द्यायची ठरली तेव्हा सोबत एखादं प्रमाणपत्र असावं असं तिला वाटलं. आम्ही ती एका जाणकारांकडे नेली. त्यांनी भिंग लावलं आणि दहा मिनिटांत निकाल दिला : नकली. दोरा त्या काळातला नाही, टाक्यांचं अंतर जुळत नाही, कडा रंगवलेल्या, वरचा थर रंगाचा, फिरकी हलक्या धातूची, आणि मुळात या पर्सला अस्तर नसतंच. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्यांचं प्रत्येक निरीक्षण बरोबर होतं. मावशीच्या खांद्यावर चाळीस वर्षं मी डोळ्यांनी पाहिलेली पर्स त्यांच्यासमोर पुराव्यानिशी नकली ठरत होती, आणि ती तशी ठरावी अशी सोय मीच करून घेतली होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. अजून मला ती सांगताना त्रास होतो, पण प्रत्येक व्याख्यानात मी ती सांगते.

आता पारखेकडे येते. नवीन संग्राहकाची पहिली चूक म्हणजे तो क्रमांक शोधतो. क्रमांक मिळाला की अस्सल, नाही मिळाला की नकली. कोचच्या साठच्या दशकातल्या पर्सेसना क्रमांकच नाहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून क्रमांकात अक्षरं आली, त्यातून महिना, वर्ष, कारखाना आणि नमुना कळतो, पण तसा एकच क्रमांक अनेक पर्सेसवर असू शकतो. शनेल या फ्रेंच कंपनीची ‘२.५५’ नावाची पर्स पाहा. नावातच तारीख आहे, फेब्रुवारी १९५५. पण शनेलने आत क्रमांकाची चिकटपट्टी लावायला सुरुवात केली ऐंशीच्या दशकात, आणि २०२१ मध्ये ती सोडून चिप बसवायला लागले. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांच्या अस्सल पर्सेस क्रमांकाविनाच आहेत. अशा पर्समध्ये क्रमांक सापडला तरच शंका घ्या!

एर्मेस या फ्रेंच कंपनीची पद्धत मला फार आवडते. १९४५ पासून त्यांनी वर्षाला एक अक्षर दिलं. ‘ए’ म्हणजे १९४५, ‘झेड’ म्हणजे १९७०. मग अक्षरं संपली, तर १९७१ पासून तीच अक्षरं वर्तुळात. तीही १९९६ मध्ये संपली, तर १९९७ पासून चौकोनात. त्यामुळे नुसता ‘ए’, वर्तुळातला ‘ए’ आणि चौकोनातला ‘ए’ यांच्यात प्रत्येकी सव्वीस वर्षं आहेत. कोणी तुम्हाला साठच्या दशकातली म्हणून वर्तुळातलं अक्षर दाखवलं तर नम्रपणे पर्स परत द्या. पण अक्षर तर कोणीही ठोकू शकतो. ठसा मारणं हे नकलेतलं सगळ्यात सोपं काम आहे.

अवघड काय आहे? टाका. खोगीर शिवणाऱ्यांचा टाका कसा पडतो ते थोडं सांगते, हे मला सांगायला फार आवडतं. एकच लांब दोरा, मेण लावलेला, त्याच्या दोन्ही टोकांना सुया. आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून घालायच्या. प्रत्येक टाक्याला दोरा दोनदा जातो. मशीनवर वरचा दोरा वेगळा, खालचा वेगळा, आणि ते मध्ये एकमेकांत अडकतात. एक तुटला की पुढची शिवण सैल होत जाते. खोगिराच्या टाक्यात एक टाका तुटला तरी शेजारचे जागा सोडत नाहीत. एर्मेसचं घर, म्हणजे कंपनी, १८३७ मध्ये सुरू झालं ते घोड्यांच्या सरंजामासाठी. स्वार पडू नये म्हणून आलेला हा टाका नंतर पर्सवर आला. हाताचा टाका जरासा तिरका बसतो, आणि ओळीच्या शेवटी कारागीर एकदोन टाके उलटे घेतो. ती जागा शोधा. तिथे माणूस थांबलेला असतो.

पण म्हणून हाताने शिवलेलं ते अस्सल आणि मशीनचं ते नकली, असं कोणी इथून घेऊन जाऊ नका. कोच मशीनवर शिवली जायची, शनेलसुद्धा. टाका त्या घराचा, त्या काळाचा आहे का, एवढंच विचारायचं. म्हणूनच माझ्या मावशीच्या पट्ट्यावरचे चार बोटं वगळता उरलेले सगळे टाके सोन्यासारखे होते.

कातडं कोणाचं हेही भिंगाने कळतं. डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रं तिनाच्या गटात असतात, एकदा बघितली की विसरत नाही. वासराचा पोत बारीक, एकसारखा. मगरीच्या बाबतीत क्रोकोडाइल आणि अ‍ॅलिगेटर असा फरक करायचा तर पोटाकडच्या एकेका खवल्यावर बारीक टिंब शोधायचं. टिंब असेल तर क्रोकोडाइल, नसेल तर अ‍ॅलिगेटर. आणि खवले सगळीकडे एकाच मापाचे, एकच नक्षी पुन्हा पुन्हा आलेली, तर ते वासराच्या कातड्यावर दाबलेलं छापकाम. एक व्यावहारिक गोष्टही सांगते. वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये लागू झाला. मगरीची पर्स कितीही जुनी असली तरी ती सीमेपलीकडे पाठवण्याआधी परवान्याची चौकशी करा.

धातू हातात तोलून बघा. भरीव पितळ जड असतं, काळवंडतं, आणि जिथे चामड्यातली चरबी त्याला लागते तिथे हिरवा मेणचट थर धरतं. तो हिरवा थर बघून लोक नाक मुरडतात. मला तो दिसला की बरं वाटतं, कारण आत खरं तांबं असल्याची ती खूण आहे. मुलाम्याखालचा हलका धातू झिजला की राखाडी दिसतो.

आता एक जुनं भांडण काढते, कारण ते काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तेल! जुनी पर्स हातात आली की तिला तेल पाजायचं, हे कोणी कोणाला शिकवलं? चामडं ‘तहानलेलं’ असतं, ‘उपाशी’ असतं, त्याला ‘खाऊ’ घालावा लागतो असं सगळे बोलतात. चामडं जिवंत नाही. ते कमावलं तेव्हा झाडाच्या सालीतल्या द्रव्याने, ओक, चेस्टनट, बाभूळ, हिरडा, किंवा क्रोमच्या क्षारांनी त्यातले तंतू एकमेकांना बांधून टाकले, आणि त्या तंतूंमध्ये योग्य तेवढी चरबी कारखान्यातच भरली. मोठ्या संग्रहालयांनीसुद्धा हा प्रयोग करून पाहिलाय. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने एक मलम जगभर वापरलं जायचं, त्यात लोकरीची चरबी, सीडर लाकडाचं तेल आणि मधमाशांचं मेण. कित्येक ग्रंथालयांनी हजारो पुस्तकांच्या बांधण्यांना ते चोळलं. पुढे लक्षात आलं की चामडं गडद होतंय, चिकट होतंय, धूळ धरतंय आणि पृष्ठभागावर चरबी पांढरी होऊन बाहेर येतेय. आज संग्रहालयांतले लोक जुन्या चामड्याला असं काही चोळायला सहसा तयार होत नाहीत.

त्या पांढऱ्या थराला बुरशी समजून घाबरू नका. भिंगाखाली तो कणीदार दिसतो आणि हलक्या उबेने विरघळतो. बुरशी तंतूंसारखी दिसते आणि विरघळत नाही. घाबरायचं असेल तर लाल भुकटीला घाबरा. पर्स उचलली आणि बोटांना विटेसारखी तांबडी पूड लागली, तर वनस्पतीने कमावलेल्या चामड्यात आम्ल तयार झालंय आणि तंतू तुटलेत. याचा शोध फार जुना आहे. १८४३ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या अथेनियम क्लबातलं चामडं का सडतंय हे तपासलं आणि गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकाला दोषी धरलं. विजेवरचे प्रयोग करणारे तेच फॅरेडे, खुर्च्यांच्या चामड्याकडेही त्यांनी तितक्याच गंभीरपणे बघितलं. मला याचं फार अप्रूप आहे. असं सडलेलं चामडं पूर्ववत होत नाही. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाचं द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या हाताने लावतात, त्याने भुकटी धरून राहते, एवढंच. त्याला तेल लावलं तर काळा चिखल होतो. मी पाहिलाय.

चिठ्ठी आलीये. सात मिनिटं. म्हणजे ज्यासाठी आले ते आता भरभर सांगते, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

पहिलं. हात लावण्याआधी फोटो. चारही बाजू, तळ, आतला भाग, प्रत्येक ठसा, चेनच्या रनरची मागची बाजू, कारण तिथे बनवणाऱ्याचं नाव असतं. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि एका इंचात किती टाके आहेत ते मोजून लिहा.

दुसरं, आणि माझा सगळा आग्रह इथे आहे. दुरुस्तीत जे जे निघेल ते परत मागा. तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा, गंजलेलं रिव्हेट, फाटलेलं अस्तर, जुनी कडी. ते एका कागदी पाकिटात घाला, तारीख आणि काय बदललं ते वर लिहा आणि पाकीट पर्समध्येच ठेवा. पर्स विकली, दिली, वारशाने गेली तरी पाकीट तिच्याबरोबर जाईल. पारखणाऱ्याला मूळ दोऱ्याचं एक बोटभर टोक मिळालं तरी पुष्कळ आहे.

तिसरं. उसवलं तेवढंच शिवायचं. जुन्याच भोकांतून, हाताने, दोन सुयांनी. नवीन भोक पाडलं की चामडं तिथे तिकिटासारखं फाटतं. आजूबाजूचे शाबूत टाके उसवू देऊ नका, कारागीर कितीही म्हणाला की सलग छान दिसेल.

चौथं. जे पुन्हा काढता येईल तेच लावायचं. फाटलेल्या जागी मागून पातळ कापडाचा किंवा चामड्याचा आधार द्यायचा, गव्हाच्या खळीने, जी पाण्याने सुटते. त्यातही आधी न दिसणाऱ्या जागी थेंब टाकून बघा, काही चामडी पाण्याने काळी पडतात. पर्स टबात बुडवून धुण्याची पद्धत काही संग्राहकांमध्ये आहे, मी तिच्या विरोधात आहे. गरम पाणी तर नकोच. वनस्पतीने कमावलेलं नवं चामडंसुद्धा साधारण ७५ ते ८५ अंशांना आक्रसतं, आणि सडत आलेलं त्याच्या पुष्कळ आधी. केस वाळवायच्या यंत्राबद्दलही हेच.

पाचवं, पितळ चमकवायचं तर मुलामा नाही याची खात्री करून. मुलाम्यावर पितळेची पॉलिश घासली तर मुलामाच निघतो.

ठेवण्याबद्दल एकच वाक्य. आत आम्लरहित कागदाचे बोळे, बाहेर सुती पिशवी, प्लास्टिक नाही, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, आणि पट्ट्याला लटकवायची नाही.

रंगाबद्दल बोलायचं राहिलं. ज्यांना डाग गेलाच पाहिजे असं वाटतं त्यांनी अभिनेत्री-गायिका जेन बर्किनची मूळ पर्स आठवावी. ऐंशीच्या दशकात एर्मेसने तिच्यासाठी बनवली, ती तिने वर्षानुवर्षं रोज वापरली. ओरखडे, चिकटवलेल्या स्टिकर्सच्या खुणा, पट्ट्याला नेलकटर. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला लिलावात ती ८६ लाख युरोंना गेली, त्या सगळ्या खुणांसकट. कोणी ती घासून रंगवली असती तर?

दोन मिनिटं. मावशीच्या पर्सचं पुढे काय झालं ते सांगते. मी त्या कारागिराकडे परत गेले. त्याला दोष द्यायला नव्हे, विचारायला. त्याच्याकडे जुन्या बकलांचा आणि कड्यांचा एक पत्र्याचा डबा होता. आम्ही दोघांनी तो जमिनीवर पालथा केला आणि तासभर शोधलं. फिरकी सापडली. काळी, जड, आणि तिच्या मागच्या बाजूला चामड्याचा नखाएवढा मूळ तुकडा अजून अडकलेला होता, मावशीच्या पर्सचा खरा रंग दाखवणारा. अस्तराचा एक कोपरा मी नंतर मिलिमीटर-मिलिमीटर करत सोडवला. गोंदाने ठशातली बरीचशी अक्षरं खाल्ली आहेत, पण क्रमांकातले शेवटचे तीन आकडे तिरप्या उजेडात वाचता येतात.

नवी फिरकी मी काढलेली नाही. आता तीही तिच्या इतिहासाचा भाग झाली आहे. जुनी पाकिटात आहे, पाकीट पर्समध्ये आहे. आता या पुढे. हात धुऊन, कोरडे करून, अंगठ्या काढून. टॉर्च माझ्याजवळ आहे. तिसरी पर्स उघडा, डावीकडचं अस्तर उचला आणि उजेड बाजूने पाडा.